पोलिसी खाक्या दाखवताच...

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली.’ जिल्ह्याच्या पानावर हे वाक्य इतक्यांदा छापून येते की वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. खाक्या म्हणजे नेमके काय केले, हे बातमी सांगत नाही. कुणी विचारतही नाही. पण फौजदारी न्यायालयात ज्याची उठबस आहे त्याला हे वाचताना पुढचा सगळा खटला दिसू लागतो. या कबुलीतले एक अक्षरही न्यायाधीशांपुढे पुरावा म्हणून वाचले जाणार नाही. ज्याच्यासाठी रात्र जागवली ती गोष्ट निकालाच्या दिवशी कागदावरही नसते.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम २५ एका ओळीचे होते: पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही. ऐकणारा हवालदार असो की आयुक्त, फरक पडत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम २३ मध्ये आली आहे. हा अविश्वास इंग्रज सरकारला स्वतःच्याच पोलिसांविषयी होता. मद्रास इलाख्यात सारावसुलीसाठी आणि गुन्हे कबूल करवून घेण्यासाठी छळ होतो, हे १८५५ च्या चौकशी आयोगाने नोंदवले. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही बंदी आली आणि तिथून ती पुरावा कायद्यात गेली. पोलीस ठाण्याच्या बंद खोलीत निघालेल्या कबुलीवर विसंबता येत नाही, हे इथल्या कायद्याला दीडशे वर्षांपासून माहीत आहे. तरीही ठाण्यातल्या चौकशीची सगळी शक्ती कबुलीवरच खर्च होते. हे केवळ निर्दय नाही, तपासाच्या दृष्टीने ती शुद्ध नासाडी आहे.

त्या बंदीच्या भिंतीत कायद्याने एकच झरोका ठेवला. जुन्या कायद्यात तो कलम २७ होता, आता कलम २३ चेच परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारा जोड-भाग आहे. कोठडीतल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीला आली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग वापरता येतो. तेवढाच म्हणजे किती, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९४६ साली पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात सांगितले. आरोपी म्हणाला, ‘घराच्या छपरात लपवलेला सुरा मी काढून देतो.’ सुरा निघाला. उघडकीला काय आले? सुऱ्याचा शोध लागला असे म्हणणे पुरेसे नाही. सुरा छपरात आहे हे या माणसाला ठाऊक होते, हे उघडकीला आले. त्याच वाक्यात तो पुढे ‘याच सुऱ्याने मी अमक्याला भोसकले’ असे म्हणाला, तर ते शब्द गाळायचे, कारण छपरात हात घातल्याने भोसकणे सापडत नाही. पंचाहत्तरहून अधिक वर्षे झाली, कसोटी तीच आहे.

महाराष्ट्रातल्या ठाण्यांत या कसोटीचे रूप म्हणजे निवेदन पंचनामा. तो कसा व्हायला हवा, ते पाहू. दोन पंच आधी बोलावायचे. आरोपीने बोलायला सुरुवात करण्यापूर्वी ते खोलीत हवेत. तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचे. तो ‘शेण्यांच्या ढिगात खुपसलाय’ म्हणाला तर कागदावर ‘गोवऱ्यांच्या साठ्यामध्ये दडवून ठेवला आहे’ असे येता कामा नये. त्यावर आरोपीची आणि पंचांची सही घ्यायची. मग सगळे गाडीत बसतात, आणि कुठे वळायचे ते आरोपीने सांगायचे. पोहोचल्यावर जागा त्यानेच दाखवायची, वस्तू त्यानेच काढायची. मग वर्णन: पात्याची लांबी, मुठीचा रंग, डाग असल्यास कुठे. जागेवरच कागदात गुंडाळून दोरा, लाख, सील, पंचांच्या सहीचे लेबल. निघाल्याची आणि परतल्याची नोंद स्टेशन डायरीत, वस्तूची नोंद मुद्देमाल रजिस्टरमध्ये. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने आता बंधनकारक केले आहे.

बिघडते ते याच साखळीत कुठेतरी. पंच येतात तेव्हा निवेदन आधीच टाइप झालेले असते, त्यांच्या वाट्याला फक्त सही येते. असा पंच उलटतपासात दोन प्रश्नांत कोसळतो: आरोपी उभा होता की बसलेला? कोणत्या भाषेत बोलला? काही पंच एकाच ठाण्याच्या डझनभर पंचनाम्यांत सापडतात. बचावाचे वकील त्यांची यादीच घेऊन येतात. सील जागेवर न होता ठाण्यात होते आणि मधल्या वेळेत कोयता कुणाच्या ताब्यात होता हे कोणी सांगू शकत नाही. वस्तू नाल्याकाठी, रस्त्यालगत, कुणीही जाऊ शकेल अशा उघड्या जागी सापडते. मग ती जागा फक्त आरोपीलाच माहीत होती हे म्हणणे लंगडे पडते. सगळ्यात वाईट म्हणजे वस्तू आदल्या दिवशीच हाती आलेली असते आणि पंचनामा दुसऱ्या दिवशी रंगतो. आणखी एक चूक फार होते. साक्षीच्या पिंजऱ्यात तपासी अंमलदार म्हणतो, ‘आरोपीने निवेदन केले, त्याप्रमाणे पंचनामा केला.’ आरोपी नेमके काय बोलला, हे तो उच्चारत नाही. ते शब्द त्याच्या तोंडून साक्षीत यायला हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात बजावले. एवढी मेहनत आणि शेवटी एक वाक्य न बोलल्याने पुरावा हातचा जातो.

म्हणजे चौकशीतून काय मिळवायचे, हे कायद्यानेच ठरवून दिले आहे: ज्याची बाहेर जाऊन खातरजमा करता येईल अशी माहिती. वस्तू कुठे आहे, फोन कुणाच्या नावावर घेतला, गाडी कुठे थांबवली, पैसे कुणाच्या खात्यात गेले. यातली प्रत्येक गोष्ट आरोपीच्या तोंडाशिवाय दुसरीकडूनही बोलते. ‘होय, मीच केले’ या वाक्याला मात्र दुसरीकडे कुठेच पत्ता नसतो.

अशी माहिती विचारण्याची एक रीत आहे. इंग्लंडमध्ये ती फार मोठ्या नामुष्कीनंतर आली. गिल्डफर्ड आणि बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांत १९७५ साली दोषी ठरलेल्यांपैकी बहुतेक माणसे कोठडीत कबुली देऊन बसली होती. शिक्षा रद्द होऊन गिल्डफर्डचे चौघे १९८९ मध्ये आणि बर्मिंगहॅमचे सहा जण १९९१ मध्ये सुटले. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘पीस’ नावाची पद्धत स्वीकारली: तयारी करा, ओळख आणि कारण सांगा, सगळे ऐकून घ्या, नीट समारोप करा, मग मिळालेले तपासून पाहा. वाचायला फारच सौम्य वाटते. प्रत्यक्षात खोटे बोलणाऱ्याला ती जड जाते, आणि त्याचे कारण तयारीत आहे.

समोरच्याला बसवण्याआधी कॉल डिटेल्स, टॉवर लोकेशन, फास्टॅगच्या नोंदी, दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्याचे चित्रण हाती हवे. आणि ते हाती आहे हे त्याला कळता कामा नये. पहिला प्रश्न उघडा: ‘रविवारी सकाळी उठल्यापासून काय काय झाले, सांगा.’ त्यानंतर गप्प बसायचे. आपल्याकडच्या अधिकाऱ्यांना सर्वांत अवघड जाते ते हेच. मधे तोडायचे नाही, ‘खोटं बोलतोस’ म्हणायचे नाही. तो एकदा सगळे सांगून मोकळा झाला की एकेक तुकडा घ्यायचा: जेवायला कुठे गेलात, कोण सोबत होते, बिल कुणी दिले, तिथून निघताना पाऊस होता का. पुन्हा सांगायला लावायचे, पण शेवटाकडून सुरुवातीकडे. घडलेले आठवून सांगणाऱ्याला उलटे जाता येते. रचलेले पाठ केलेल्याची कडी तुटते. आणि त्याने ‘मी त्या दिवशी पुण्यातच होतो’ असे ठामपणे तीनदा सांगितल्यावरच खेड शिवापूरच्या टोलनाक्याची नोंद टेबलावर ठेवायची. हीच नोंद पहिल्या पाच मिनिटांत दाखवली, तर तो तिला बसेल अशी गोष्ट रचतो. पुरावा तोच, क्रम चुकला की वाया.

दुसरी शिस्त राखून ठेवलेल्या तपशिलाची. मृतदेह दोरीने बांधलेला होता आणि दोरी हिरव्या नायलॉनची होती, असे समजू. ती हिरवी होती हे दोन-तीन अधिकाऱ्यांपलीकडे कुणालाही कळू द्यायचे नाही. पत्रकार परिषदेत नाही, आरोपीपुढे तर मुळीच नाही. ‘कशाने बांधलं?’ या प्रश्नाला त्याने आपणहून ‘हिरव्या नायलॉनच्या दोरीने’ म्हटले तर ते सोन्यासारखे. ‘हिरव्या दोरीनेच बांधलंस ना?’ असे विचारले आणि त्याने मान डोलावली, तर त्याला किंमत शून्य. यापुढे तो दहा वेळा हिरवी दोरी म्हणेल आणि ती माहिती त्याची की आपलीच परत आलेली, हे कुणालाही ठरवता येणार नाही. चौकशी नासण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मारहाण नसते, असे सूचक प्रश्न असतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८९ साली झालेल्या हल्ल्याच्या खटल्यात पाच किशोरांना त्यांच्या कबुल्यांवर १९९० मध्ये दोषी ठरवले गेले. त्या कबुल्या एकमेकींशी आणि पुराव्याशी जुळत नव्हत्या. २००२ मध्ये दुसऱ्याच माणसाचे डीएनए जुळले आणि त्या शिक्षा रद्द झाल्या.

चेहरा वाचण्याच्या कौशल्यावर तर मुळीच भिस्त ठेवू नये. ‘नजर चोरत होता’, ‘घाम फुटला’, ‘घशाला कोरड पडली’ ही वाक्ये केस डायरीत भरपूर सापडतात. ठाण्यात नेलेला निरपराध माणूसही नजर चोरतो आणि त्यालाही घाम फुटतो. शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २००६ साली मांडले गेले तेव्हा दिसले की नुसते पाहून-ऐकून खोटे ओळखण्यात माणसे शंभरातून सरासरी चौपन्न वेळा बरोबर ठरतात. नाणे उडवले तर पन्नास.

आता खाक्याविषयी. वेदना, जागरण, तहान यांनी माणूस बोलतो, यात शंका नाही. पण त्या वेळी त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो: काय म्हटले तर हे थांबेल? तो समोरच्याला हवे ते ओळखतो आणि तेच देतो. दोषीही तेच करतो, निर्दोषही. म्हणून ऐकणाऱ्याला दोघांतला फरक कळण्याचा मार्ग बंद होतो. शिवाय सलग जागवलेल्या माणसाची स्मृती खरोखरच विस्कळीत होते. ज्याला काही माहीत होते, त्याच्याकडूनही ते नीट मिळत नाही.

महाराष्ट्राला हा धडा फार महागात पडलेला आहे. १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, म्हणजे मकोकाने, कलम १८ मध्ये एक अपवाद केला: पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांचा खटला याच कायद्याखाली चालला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब छळातून घेतल्याचे म्हणणे न्यायालयाला पटले, आणि वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतले भाग एकसारखे असल्याकडेही त्याने बोट ठेवले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवले नाही. अंतिम शब्द अजून यायचा आहे. पण संध्याकाळच्या गर्दीत ज्यांची माणसे गेली, त्या घरांना एकोणीस वर्षांनी काय मिळाले, हा प्रश्न विचारताना राग येतो, आणि तो यावाच.

साक्षीदारांच्या जबाबांची गोष्ट वेगळी आहे, पण तिथेही लिहिणाऱ्याची सवय नडते. ‘समक्ष विचारलेवरून सांगतो की, मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहण्यास असून...’ इथून सुरू होऊन पाच साक्षीदारांचे पाच जबाब अल्पविरामासकट सारखे निघतात, कारण पहिला टाइप झाला आणि बाकीच्यांत फक्त नाव बदलले. संहितेच्या कलम १८० खालच्या या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, आणि तो पुरावा म्हणूनही वापरता येत नाही; न्यायालयात साक्षीदार वेगळे बोलला तर विसंगती दाखवण्यापुरता तो उपयोगी. बचावाचा वकील विचारतो, ‘हातात लोखंडी गज होता, असे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का?’ ‘सांगितले होते.’ ‘मग जबाबात ते का नाही?’ ‘कारण सांगता येत नाही.’ हा संवाद राज्यातल्या प्रत्येक सत्र न्यायालयात रोज होतो. पुष्कळदा साक्षीदाराने खरोखरच सांगितलेले असते, लिहिणाऱ्याने गाळलेले असते.

गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) मधला. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना पोलिसांनी लेखी प्रश्नावली दिली, त्यांनी उत्तरे नाकारली, त्यांच्यावर खटला भरला गेला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क न्यायालयाच्या दारात सुरू होत नाही, पोलीस ठाण्यातच सुरू होतो. मात्र बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने त्यात येत नाहीत, हे मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालापासून ठरलेले आहे. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१० च्या सेल्वी निकालाने ठरवले. वकिलाला चौकशीदरम्यान भेटता येते, पण पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही; संहितेचे कलम ३८ एवढेच देते. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी, हे डी. के. बसू खटल्यापासून बंधनकारक आहे.

आरोपीला खरेच कबुली द्यायची असेल तर जागा दंडाधिकाऱ्यांसमोर, संहितेच्या कलम १८३ खाली. पोलीस दालनाबाहेर. ‘कबुली देण्याचे बंधन नाही, दिलीत तर ती तुमच्याविरुद्ध वापरली जाईल’ हे समजावायचे. विचाराला किमान २४ तास द्यायचे. नकार दिला तर त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवता येत नाही, ही त्यातली सर्वांत शहाणी तरतूद. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यातल्या कसाबचा कबुलीजबाब फेब्रुवारी २००९ मध्ये मुंबईत नोंदवला गेला तेव्हा दंडाधिकाऱ्यांनी आधी एक दिवस आणि मग आणखी दोन दिवस त्याला विचाराला दिले. संपूर्ण जगाने कॅमेऱ्यात पाहिलेल्या मारेकऱ्याच्या बाबतीतही ही पायरी गाळली नाही, म्हणूनच तो जबाब सर्वोच्च न्यायालयात २०१२ साली टिकला.

कॅमेऱ्यांचेही तसेच. परमवीर सिंह सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला की प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण हवे, कोठडी आणि मार्गिकेसह, आणि ते १८ महिने जपायचे. छळाची तक्रार झाली की पहिला अर्ज याच चित्रणासाठी करावा, आणि तो तातडीने, तारीख-वेळ-ठिकाण लिहून. उशीर झाला की चित्रण ‘उपलब्ध नाही’ असे उत्तर येते.

शेवटी, ज्याला चौकशीला बोलावले आहे त्याच्यासाठी थोडे. हातातली नोटीस कोणत्या कलमाची आहे ते आधी पाहा. संहितेचे कलम १७९ असेल तर तुम्ही साक्षीदार आहात; कलम ३५(३) असेल तर संशयित. साक्षीदार स्त्री असेल, पंधरा वर्षांखालचा किंवा साठ वर्षांवरचा पुरुष असेल, अपंग किंवा गंभीर आजारी असेल, तर त्यांना ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. पोलिसांनी घरी जायचे असते. नोटिशीवर ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, कलमे, अधिकाऱ्याचे नाव-हुद्दा-सही हवी. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. ठाण्यात जाताना नोटिशीची प्रत घरी ठेवा, गेल्याची वेळ कुणाला तरी कळवा. कोऱ्या कागदावर सही कधीही करू नका.

आणि व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, खोलीबाहेर पडू नका, चौकशी संपेपर्यंत पैसे या खात्यात ठेवा’ म्हणाला, तर फोन ठेवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, आणि कोणताही तपासी अंमलदार चौकशीसाठी पैसे मागत नाही.